मनाचा आजार: शेळगावकरांनी कुठे जायचं, कोणाला विचारायचं

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या शेळगावात कोणाच्या छातीत दुखलं तर काय करायचं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गाडी काढायची आणि इंदापूर नाहीतर बारामती गाठायची. पण तोच माणूस महिनाभर धड झोपलेला नसतो, रानात जाऊन बांधावर नुसता बसून राहतो, जेवणावरून, पैशावरून, कशावरूनही भडकतो किंवा कोणाशी चकार शब्द बोलत नाही, तेव्हा घरातल्यांना काही सुचत नाही. कोणी म्हणतं टेन्शन आहे, जाईल आपोआप. कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, दाखवून आणू. कोणी मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देतं. असे महिने, कधी वर्षं निघून जातात. मग एखाद्या रात्री प्रकरण हाताबाहेर जातं आणि एकदम येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव निघतं.

शेळगाव आणि येरवडा यांच्यामध्ये चार-पाच ठिकाणी सरकारी मदत मिळते. बहुतेक ठिकाणी ती मोफत किंवा अगदी नाममात्र पैशांत असते. आजार लवकर धरला तर बहुसंख्य माणसांना येरवड्याची पायरी चढावीच लागत नाही. म्हणून या सगळ्या जागा गावापासून सुरुवात करून क्रमाने सांगतो.

आधी हे ठरवावं लागतं की डॉक्टरकडे नेण्याइतकं काही झालंय का. आशाताई तिशीच्या पुढच्या माणसांचा जो आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात मनाविषयी दोन साधे प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा कशातच गोडी वाटत नाही, असं होतंय का? उदास, निराश वाटतंय का? दोन आठवडे बहुतेक दिवस हे चालू असेल तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली आहे. आपल्याकडे उदासी बहुतेक वेळा शरीरातून बोलते, हेही ध्यानात ठेवा. डोकं धरतं, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, पोटात काहीतरी फिरतं, आणि रक्त-लघवी-ईसीजी सगळं नॉर्मल येतं. अशा माणसाला ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवलं जातं, आणि तो आणखी खचतो. कानात आवाज येणं, घरच्यांनीच जेवणात काही घातलंय अशी पक्की शंका येणं, रात्र रात्र जागूनही थकवा न येणं, वारेमाप खर्च आणि मोठमोठ्या गोष्टी सुरू होणं, ही लक्षणं दिसली तर दोन आठवडेही थांबू नका.

पहिली जागा गावातच आहे. आशाताई, उपकेंद्रातल्या नर्सबाई आणि आता उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथले समुदाय आरोग्य अधिकारी. हे अधिकारी ‘ई-संजीवनी’वरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी पडद्यावर बोलणं घडवू शकतात, त्यामुळे कधी कधी पहिला सल्ला घेण्यासाठी गावाबाहेर पडावंही लागत नाही. त्यांच्याकडे गेल्यावर आडपडदा न ठेवता सांगा की झोप, भूक, काम आणि वागणं यांत फरक पडलाय आणि मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचंय. ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलं तर टॉनिक घेऊन परत याल.

मात्र गावात एक खरी अडचण आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. आशाताई शेजारच्या आळीतल्या असतात, नर्सबाईंची ओळख घरापर्यंत असते. मुलीचं लग्न ठरायचंय, भावकीत वाद चालू आहे, अशा घराला ही गोष्ट चार लोकांत जायला नको असते. ही भीती बाळगणारा माणूस अडाणी नसतो. अशा वेळी दुसऱ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं, थेट तालुक्याला जावं किंवा फोनचा मार्ग धरावा.

तो फोन म्हणजे १४४१६. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सुरू झाली. ती चोवीस तास चालते, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर लागला नाही तर १८००८९१४४१६ लावा. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर तेच पुढे मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतात आणि जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं तेही सांगतात. आजारी माणसानेच फोन करायला हवा असं नाही. नवरा दवाखान्यात यायला तयार नाही, मुलगा खोलीचं दार उघडत नाही, अशा वेळी बायकोने किंवा आईने फोन करून ‘मी काय करू’ असं विचारलं तरी चालतं. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा उपयोग घरच्या माणसांनाच आहे, कारण रात्री अकरा वाजता विचारायला दुसरं कोणी नसतं. फोन करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: केव्हापासून, काय काय बदललं, आधी कोणती औषधं चालू होती, जिवाला धोका वाटतोय का.

त्यापुढची जागा इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून त्यातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. या कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स असं पथक असतं, आणि ते ठरावीक दिवशी तालुक्यांच्या रुग्णालयांतही तपासणीला येतं. म्हणून घरातून निघण्याआधी रुग्णालयात फोन करून एकच गोष्ट विचारून घ्या: मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात? वार चुकला तर दिवसाची मजुरी जाते, माणूस वैतागतो आणि पुन्हा यायला तयार होत नाही. त्या दिवशी सकाळची पहिली गाडी धरा, कारण ओपीडीचे केसपेपर सकाळीच निघतात. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तिथे कोणी पैसे मागितले तर पावती मागा. प्रवासाचं गणितही आता थोडं हलकं झालंय: एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. आजारी माणसाबरोबर जाणारी बहुतेक वेळा आई किंवा बायकोच असते, म्हणून हे सांगितलं.

इंदापुरात त्या दिवशी तज्ज्ञ नसतील, किंवा आजार गुंतागुंतीचा असेल, तर बारामती. तिथलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झालं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की त्याच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असावाच लागतो, त्यामुळे या पट्ट्यातल्या माणसाला पुण्याची वारी टाळण्याची मोठी सोय झाली आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयात केसपेपरला आणि काही तपासण्यांना थोडे पैसे लागतात, पण खाजगी फीच्या मानाने ते किरकोळ असतात. त्याही पुढे जायचं झालं तर पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून ही दोन ठिकाणं आहेत.

आता येरवडा. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार ठिकाणी आहेत: पुण्यात येरवडा, आणि ठाणे, नागपूर, रत्नागिरी. येरवड्याचं रुग्णालय शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे, आणि तेवढीच जुनी त्याच्या नावाची दहशत आहे. भांडणात ‘येरवड्याला टाकीन’ असं म्हणणारा माणूस आपल्या प्रत्येक गावात भेटतो. या एका वाक्याने किती माणसं उपचारांपासून लांब राहिली असतील याचा विचार करा. येरवड्यातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे तपासून, औषधं घेऊन माणूस संध्याकाळी घरी येतो. भरती करायची झाली तरी ती मनमानीने होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार ज्याला आपलं भलं कळतंय तो स्वतःच्या इच्छेने भरती होऊ शकतो आणि स्वतःच्या इच्छेने सुट्टी मागू शकतो. ज्याला त्या क्षणी निर्णय घेता येत नाही, त्याला घरच्यांच्या मदतीने भरती करताना डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासणं बंधनकारक आहे आणि पहिल्या भरतीची मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची आहे. त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि वेगळी प्रक्रिया करावी लागते. भरतीबद्दल तक्रार असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन आहे १५१००.

या कायद्यातली एक तरतूद प्रत्येक घराने वापरावी अशी आहे. माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा देऊन ‘मी आजारी पडलो तर माझ्या वतीने अमुक माणूस बोलेल’ असं नेमू शकतो. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. भाऊ की बायको, सासर की माहेर, हे वाद रुग्णालयाच्या दारात होतात आणि त्यात उपचार रखडतात. एका कागदाने ते टळतात.

औषधं सुरू झाली की खरं काम सुरू होतं. मला सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायचंय ते इथे. दवाखान्यात पहिल्यांदा नेणं अवघड वाटतं, पण घर त्यासाठी एकदा जोर लावतं. माणसं गळतात ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला. कारण उदासीवरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तोंडाला कोरड, मळमळ, झोपाळूपणा हे त्रास पहिल्याच आठवड्यात दिसतात. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. घरच्यांना वाटतं औषधाने माणूस बिघडला, आणि गोळ्या बंद होतात. दुसरी गळती महिन्या-दोन महिन्यांनी होते. माणूस हसायला लागतो, उसाला पाणी द्यायला जातो, आणि घर म्हणतं, आता कशाला गोळ्या? बीपीची गोळी बीपी नॉर्मल आलं म्हणून आपण बंद करत नाही, तसंच हे आहे. डॉक्टरांना न विचारता औषध थांबवलं तर आजार उलटतो. त्रास होत असेल तर औषध सोडू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. दर वेळी पुढच्या तारखेच्या आठ दिवस आधी घरात किती गोळ्या उरल्या ते मोजा. एखादी गोळी सरकारी खिडकीवर संपलेली असेल तर तिचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा. सगळे केसपेपर एका पिशवीत, तारखेवार ठेवा. दर वेळी नवा डॉक्टर भेटू शकतो, त्याला तुमची गोष्ट त्या पिशवीतूनच कळते. भवानीनगरच्या कारखान्याला ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांनी तर ही पिशवी कोयत्याइतकीच सांभाळावी, कारण हंगाम संपला की दवाखानाही बदलतो.

गोळी आणि बोलणं या दोन्ही गोष्टी लागतात. डॉक्टरांना विचारा की समुपदेशन किंवा मानसशास्त्रज्ञाची भेट इथे होते का. विचारल्याशिवाय गर्दीच्या ओपीडीत कोणी आपणहून सांगत नाही.

आता तातडीची वेळ. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. ‘आता मी नसलेलाच बरा’, ‘तुमची एकदा सुटका करतो’ असं कोणी बोलत असेल, अचानक देणी-घेणी मिटवत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला सरळ विचारा: जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, त्याच्याजवळ बसून १४४१६ लावा, आणि धोका समोर दिसत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा पोलिसांसाठी ११२.

आपल्या भागात द्राक्ष, डाळिंब आणि ऊस आहे, म्हणजे घरोघरी फवारणीची औषधं आहेत. ती बाजेखाली किंवा गोठ्याच्या फळीवर ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली एकाच समजदार माणसाकडे द्या. जीव द्यायची लहर अनेकदा काही मिनिटांची असते, आणि तेवढ्या मिनिटांत हाताशी औषध नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दोन दशकांत जवळजवळ सत्तर टक्क्यांनी खाली आलं. कोणी औषध प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल रुग्णालयात बरोबर न्या. पोलीस केस होईल म्हणून काही घरं इथे मोलाचा तास घालवतात. ती भीती मनातून काढून टाका. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं तो नोंदीचा भाग आहे. त्यासाठी उपचार थांबत नाहीत.

दारूचा प्रश्न निराळा काढावा लागतो, कारण कित्येक घरांत दारूच्या आड उदासी लपलेली असते आणि उदासीच्या आड दारू. एकच गोष्ट जपा: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकाएकी बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास, फिट असं होऊन जिवावर बेतू शकतं. रुग्णालयाच्या देखरेखीखाली सोडवा. व्यसनासाठी केंद्र सरकारचा फोन १४४४६ आहे. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. सरकारी सेवेच्या बाहेरचं पण भरवशाचं ठिकाण म्हणून त्याचं नाव घेतो.

बाळंतिणीकडे घराचं लक्ष बाळापुरतं राहतं. पहिल्या आठवड्यातलं रडू येणं बहुतेक वेळा ओसरतं, पण दोन आठवड्यांनंतरही ती बाळाकडे बघत नसेल, झोपत नसेल, भलतंच बोलत असेल, तर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येणाऱ्या आशाताईंना त्याच भेटीत सांगा. परीक्षा, मोबाईल, प्रेमप्रकरण यांनी कोलमडलेल्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत आणि १०९८ हा मुलांचा फोन आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७.

आजार जुना आणि काम करू न देणारा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरलं तर युडीआयडी कार्डावर एसटी सवलत मिळते, आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. या अर्जालाही ती केसपेपरची पिशवीच लागते.

देवाला नेण्याबद्दल थोडं. नवस, वारी, देवळात जाऊन बसणं यांनी कोणाच्या मनाला आधार मिळत असेल तर त्याला कोणताही चांगला डॉक्टर आडवा येणार नाही. औषध चालू ठेवून खुशाल करा. पण भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने पूर्ण मनाई केली आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण जळून मेले. त्यांना धावता आलं नाही. घरात गोठ्याशेजारी कोणाला बांधून ठेवलं असेल तर घरच्यांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांना आज फोन लावून द्या. बहुतेक वेळा त्यांना दुसरा मार्ग कोणी सांगितलेलाच नसतो.

पालखीमार्गावर, एसटी स्टँडवर भरकटलेला माणूस दिसला तर ११२ ला कळवा. अशा माणसाला कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारी आहे. निराधार मनोरुग्ण महिलांसाठी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात चालतं. त्या कामाला २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शेवटी ग्रामपंचायतीला आणि शेळगावच्या तरुण मंडळांना एक विनंती. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि बारामतीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी, किती वाजता बसतात हे एकदा चौकशी करून ग्रामपंचायतीच्या फलकावर रंगवून घ्या, आणि त्याखाली १४४१६ लिहा. उपकेंद्राच्या भिंतीवर, सोसायटीच्या दारात आणि शाळेतही तेच लिहा. वार ठरलेला नसेल किंवा पथक येत नसेल, तर येत्या ग्रामसभेत ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. मागणीची पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारा.